पाय थंड पाण्यात ठेवले तर

"आणि पाय थंड पाण्यात ठेवले तर?" पहिल्या बाकावरच्याने विचारलं आणि डॉक्टरबाईंच्या हातातला खडू फळ्यावर होता तिथेच थबकला. विचारताना त्याने वहीवरून मान वर केली नव्हती. आवाजही नेहमीचाच, मऊ, अदबीचा. औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं विचारावं तसा. बाई फळ्यावर तळपायाची आकृती काढून, मार बसल्यावर तळव्याची सूज किती दिवसांत उतरते ते सांगत होत्या. साधारण आठवडा, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि त्यावर हा प्रश्न. खोलीत तेवीस माणसं होती, अकरा देशांच्या तुरुंगांतले डॉक्टर आणि नर्सेस, आणि त्यांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही; मागच्या बाकावरचा एक जण नेहमीसारखा सगळ्यांचे फोटो काढत होता. "लवकर उतरते," बाईंच्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांची शिकवायची सवय. प्रश्न आला की उत्तर जिभेवर तयार. त्याने ते लिहून घेतलं, पट्टी ठेवून खाली रेघ मारली आणि पुन्हा काही विचारायला तोंड उघडलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सुट्टीला अजून आठ मिनिटं होती. "चहा घेऊ या," त्या म्हणाल्या, आणि कुणी उठायच्या आत स्वतःच दाराबाहेर पडल्या.

व्हरांड्याच्या टोकाला बेसिन होतं. तिथे त्या खडूचे हात धूत उभ्या राहिल्या. धुऊन झाले तरी धूतच राहिल्या. सोमवारी त्याने विचारलं होतं, काळानिळा डाग पिवळा पडायला किती दिवस लागतात. मंगळवारी, मनगटावरचा दोरीचा वळ किती दिवस ओळखता येतो. दोन्ही वेळा बाई खूश झाल्या होत्या. चहाच्या वेळी कुणालातरी म्हणाल्याही होत्या, शिकणारा असावा तर असा. आता तेच प्रश्न एकामागे एक येऊन उभे राहिले आणि त्यांचे चेहरे बदललेले होते. किती दिवस. किती दिवस. दर वेळी किती दिवस. हा माणूस खुणा ओळखायला आलेलाच नाही. माणसाला किती दिवस लपवून ठेवलं म्हणजे डॉक्टरपुढे उभं करायला हरकत नाही, हे मोजायला तो आलाय. आणि आपण फळ्यावर आकृत्या काढून, रंगीत खडू वापरून, त्याला ते समजावून सांगतोय. बेसिनवरच्या आरशात मागची भिंत दिसत होती आणि भिंतीवरचा निळा फलक, उलट्या अक्षरांत. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं: मानवी हक्कांच्या जगभरातल्या जपणुकीसाठी आपल्या देशाची बांधिलकी. सात वर्षं परराष्ट्र खातं हा अभ्यासक्रम चालवत होतं आणि सात वर्षं उद्‌घाटनाला उपसचिव तेच वाक्य म्हणत होते. दुसऱ्या कुणाला हसू येत असेल, बाईंना यायचं नाही. त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता. त्यांची छोटी पुस्तिका खात्याने नऊ भाषांत छापली होती. जगात कुठेतरी एखादा डॉक्टर कोठडीतल्या माणसाला उजेडात नेतो, कपडे काढायला लावतो, पोलिसांना दाराबाहेर घालवतो आणि जे दिसेल ते लिहितो, तर तो आपल्यामुळे, या एका समजुतीवर त्या जगत होत्या. चहानंतरच्या तासात त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलंच नाही. त्याचा हात दोनदा वर झाला. दोन्ही वेळा त्यांनी मागच्या कुणालातरी बोलतं केलं.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांना ती जुनी खोली आठवली. आठवली म्हणणं बरोबर नाही, ती कुठे गेलेलीच नव्हती. नोकरीचं पहिलं वर्ष, लहान गावातलं सरकारी इस्पितळ, बाह्यरुग्ण विभागाची हिरव्या पडद्याची खोली. एक पोलीस अधिकारी समोरच्या खुर्चीत येऊन बसला होता. फार सभ्य माणूस. त्याने आपण होऊन टेबलावरचा पंखा बाईंच्या दिशेला वळवला. दाखला लिहूनच आणला होता: अंगावर इजेच्या खुणा नाहीत. माणूस कुठे आहे, असं बाईंनी विचारलं होतं. एवढं तरी विचारलं होतं. "गाडीत आहे. झोप लागलीय बिचाऱ्याला, कशाला उठवायचं?" तो म्हणाला. मग जरा थांबून, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाला, "तुमचे यजमान रोज सायकलवर त्या पुलावरूनच येतात ना? अरुंद आहे हो पूल. जपून यायला सांगा." बाईंनी सही केली. सही करताना खिडकीतून गाडीची फक्त मागची बाजू दिसत होती, बंद दार आणि त्याच्या काचेवर आतून लावलेला कागद. गाडी निघून गेली तेव्हा त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली, एक खोकणारी म्हातारी होती, आणि तिला तपासताना आपला स्टेथोस्कोप कानांत नसून गळ्यातच आहे हे बराच वेळ त्यांच्या लक्षात आलं नाही. हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. तो गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. पुढचं सगळं, ती पुस्तिका, हे वर्ग, ती नऊ भाषांतरं, त्या सहीपासून पळता पळता झालं होतं. लोक मात्र त्याला कर्तबगारी म्हणत. बसमध्ये शेजारी एक जाडा माणूस येऊन बसला तशा बाई अंग चोरून खिडकीला चिकटल्या. पुन्हा नाही, त्या मनात म्हणत होत्या. या वेळी कुणी मला वापरून घेणार नाही. या वेळी मी सांगणार.

घरी नणंद होती. भाऊ गेल्यावर ती बाईंकडेच राहायला आली होती. तिची सगळी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, आणि त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही ती परगावच्या फोनवर बोलावं तशी बोलायची. "वहिनी, तोंड का असं उतरलंय? कुणी मेलंय का वर्गात?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं. बाईंनी तिला सांगितलं. पुलाचं नव्हे, पहिल्या बाकावरच्याचं. नणंद हातातली पळी तशीच धरून ऐकत राहिली. "बरं, मग त्याला विचारलंस का?"

"काय विचारायचं, वन्सं?"

"हेच, की बाबा रे, तुला हे कशाला हवंय?"

"असं कसं विचारणार? आणि तो खरं सांगणार आहे थोडाच?"

"खोटं सांगितलं असतं तर आवाजावरून कळलं असतं," नणंद म्हणाली आणि गॅसकडे वळली. "तू घाबरलीस की दार आधी लावतेस, वहिनी. बाहेर कोण आलंय ते मग बघतेस." बाईंना राग आला. नणंदेने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा जोडल्या, तिला काय कळणार, असं त्यांच्या मनात आलं. आणि असं मनात आल्याची लाज वाटली. आणि त्या लाजेच्याही खाली ती भीती होतीच, जिना चढून आल्यासारखी धापा टाकत.

दुसऱ्या दिवशी वर्गाआधी त्या उपसचिवांकडे गेल्या. उपसचिव गोरेगोमटे, पन्नाशीचे, बोलताना दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवणारे. त्यांनी बाईंचं सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्या सभ्यपणानेच बाईंना आधी जरा बरं वाटलं. "तुम्ही सांगितलंत ते फार चांगलं केलंत," ते म्हणाले. "अशा माणसाच्या हातात आपलं प्रमाणपत्र गेलं तर उद्या आपल्या देशाची शोभा. चार ओळी लिहून द्या. तोंडी गोष्टींना आमच्याकडे पाय नसतात." बाईंनी तिथेच बसून लिहिलं. अक्षर त्यांचं मोत्यासारखं होतं, डॉक्टरांचं नसतं तसं. 'प्रशिक्षणार्थी क्रमांक सात हे कोठडीतल्या इजांच्या खुणा किती दिवस टिकतात याबद्दल वारंवार व गरजेपेक्षा अधिक खोलात चौकशी करतात. त्यांचा हेतू तपासला जावा.' खाली सही, तारीख. कागद टेबलावरून सरकवला तेव्हा क्षणभर त्यांचं बोट त्याच्या कडेवर रेंगाळलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. "पुढचं आमच्यावर सोडा," उपसचिव म्हणाले. त्या दिवशी पहिल्या बाकावरचा वर्गात होता. त्याने हात वर केला नाही, फक्त लिहीत राहिला. मधल्या सुट्टीत तो आपला चहाचा कप घेऊन बाईंच्या दिशेने येऊ लागला तेव्हा त्या वळून दुसऱ्यांच्या घोळक्यात शिरल्या आणि तिथल्या विनोदावर, न ऐकताच, हसल्या.

शुक्रवारी पहिला बाक रिकामा होता. बाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं, अगदी मोकळा श्वास आला. हजेरी घेताना क्रमांक सातवर त्या जरा थांबल्या आणि पुढे गेल्या. तास संपल्यावर त्या प्रसाधनगृहात गेल्या तेव्हा त्यांच्यामागोमाग ती आत आली, जिला बाई मनातल्या मनात भिंगवाली म्हणायच्या. जाड काचांचा चष्मा, बुटकी, क्रमांक सातच्याच देशातली, त्याच्याच तुरुंगातली नर्स. पाच दिवसांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिने आधी तिन्ही दारं ढकलून पाहिली. मग दोन्ही नळ पूर्ण सोडले. पाण्याचा आवाज फरशीवर आदळून खोलीभर झाला. "मॅडम, तुम्ही त्याच्याबद्दल काय लिहून दिलंत?" ती बाईंच्या अगदी जवळ येऊन म्हणाली. "आमच्या वकिलातीत कागद आलाय. तुमच्या सहीचा."

"वकिलातीत?" बाई म्हणाल्या. "मी तर आमच्याच—"

"आमच्याकडे माणूस डॉक्टरपुढे आणतात तो बाराव्या दिवशी. तोवर त्याचे पाय पाण्याच्या टबात असतात. बाराव्या दिवशी काही दिसत नाही. याने पाच वर्षं 'काही दिसत नाही' असंच लिहिलंय, कारण खरंच दिसत नाही. त्याला विचारायचं होतं, की पाणी लागल्यावर सूज गेली तर मग उरतं काय? काहीतरी उरतच असेल ना? आम्ही वसतिगृहात बसून प्रश्न बसवत होतो, मॅडम. एकदम विचारायचा नाही. थोडा थोडा विचारायचा. कारण मागच्या बाकावर सगळ्यांचे फोटो काढत असतो तो आमच्या सरकारचा माणूस आहे. बुधवारी तो शेवटचाच प्रश्न होता. तेवढ्यात तुम्ही चहाची सुट्टी दिलीत." ती रडत नव्हती. चष्म्यावर पाण्याचे तुषार आले होते आणि ते तिने पुसले नाहीत. "तीन वाजता गाडी येणार आहे त्याला न्यायला," ती म्हणाली, नळ बंद केले आणि निघून गेली.

बाई तिथल्या ओल्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. कागद त्यांना शब्दन् शब्द आठवत होता आणि आता तो त्या दुसऱ्याच डोळ्यांनी वाचत होत्या, टेबलापलीकडून, त्या देशाच्या वकिलातीतल्या कुणाच्यातरी डोळ्यांनी. खुणा किती दिवस टिकतात याबद्दल वारंवार चौकशी करतात. हेतू तपासला जावा. एक अक्षर बदलायची गरज नव्हती. घड्याळात दोनला दहा कमी होते. उपसचिवांना फोन केला तर ते म्हणाले, "प्रथाच आहे तशी. मित्रराष्ट्राच्या माणसाबद्दल काही असेल तर आधी त्यांच्या वकिलातीला कळवायचं. तुमचीच चिठ्ठी पाठवली, आपल्याकडून एक शब्द वाढवला नाही," आणि त्यांच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती. बाईंनी फोन ठेवला. घरी जावं, असं त्यांना इतक्या जोराने वाटलं की त्या खरोखरच पर्स घेऊन फाटकाच्या दिशेने निघाल्या. घरी जावं, दार लावावं, पांघरूण घ्यावं. फाटकाशी पहारेकऱ्याने नेहमीसारखा सलाम केला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, आपल्या खोलीत गेल्या, कपाटातून तपासणीची बॅग काढली, संस्थेचा शिक्का, त्याचं पॅड आणि कार्बनचे कागद घेतले, आणि आवारामागच्या वसतिगृहाकडे चालू लागल्या. आपण काय करणार आहोत हे त्यांना पायऱ्या चढेपर्यंत पूर्ण माहीत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर बांधलेली सुटकेस, शेजारी तो बसलेला, हात मांड्यांवर. वकिलातीचे दोघं होते: एक टाय लावलेला, दुसरा रुंद खांद्यांचा, भिंतीला टेकलेला, ज्याने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. "मी इथली वैद्यकीय अधिकारी," बाई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना लांबून, नळीतून आल्यासारखा ऐकू आला. "परत जाणाऱ्याची तपासणी करावी लागते. नियम आहे."

"आम्हाला असं काही कळवलेलं नाही," टायवाला म्हणाला.

"कळवायला हवं होतं. विमानात यांना काही झालं तर जबाबदारी आमच्या सरकारची. तुम्ही मंत्रालयाला फोन लावा ना. मी थांबते." त्याने फोन लावला असता तर सगळंच संपलं होतं. चेहऱ्यावर बाईंनी तो कंटाळलेला, घाईचा भाव आणला होता, जो सरकारी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जगात सगळीकडे असतो. टायवाल्याने घड्याळ पाहिलं. "दहा मिनिटं," तो म्हणाला आणि सिगारेट ओढायला बाहेर गेला. भिंतीला टेकलेला हलला नाही. त्याला बाहेर जायला सांगायला हवं होतं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तेच होतं, नऊ भाषांत. बाईंना ते धाडस झालं नाही. त्या पलंगासमोर खाली बसल्या. त्याने प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मॅडम, तुमचं अक्षर फार सुंदर आहे," तो हळूच म्हणाला.

बाईंनी त्याला शर्ट काढायला सांगितला आणि सुरुवात केली. एकेक गोष्ट मोठ्याने म्हणायची आणि लिहायची: पाठ स्वच्छ, एकही व्रण नाही. मनगटं स्वच्छ. बरगड्या शाबूत. डाव्या कोपरावर एक इंचाची जुनी खूण, लहानपणची, पडल्याची. त्या कागदावर पेन दाबून धरत होत्या. कार्बनला ते चांगलंच. भिंतीकडच्याला वाटत असेल, केवढी ही कटकट. पण त्यालाही हळूहळू काहीतरी उमगू लागलं असावं, कारण तो भिंतीपासून सुटा झाला. मग बाईंनी त्याचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला. गार, घट्ट, निरोगी पाय. त्यांनी अंगठा धरून सावकाश मागे वाकवला. "दुखतं?"

"नाही."

"दुखायला नकोच. तळव्यात एक जाड पडदा असतो, टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला. तो धड असला की अंगठा एवढाच मागे जातो, यापुढे जात नाही." त्या वर्गातल्या आवाजात बोलत होत्या, त्यांचं त्यांनाच कळलं. "तो फाटला की वरून काही दिसत नाही. कातडी धड, सूज उतरलेली. पण अंगठा फार मागे जातो, आणि माणूस ओरडतो. महिन्यांनी केलं तरी."

तो पायाकडे बघत होता. "पाणी लागलं असलं तरी, मॅडम?" त्याने विचारलं.

"पाणी तिथवर पोचत नाही," बाई म्हणाल्या. "आणि चाल बघायची. असा माणूस टाच टेकतो, पण अंगठ्याने रेटा देत नाही. पाय उचलून पुढे ठेवतो, भांडं उचलून ठेवावं तसा. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं." त्याने मान हलवली. लिहून घ्यायला त्याच्याकडे वही नव्हती. ती काढून घेतलेली होती. त्याचे ओठ मात्र हलत होते, पाठ करत असल्यासारखे. मग बाईंनी वेळ टाकली, दोन वाजून एकावन्न मिनिटं, सही केली, शिक्का मारला, तिन्ही प्रतींवर. एक त्याला दिली, एक टायवाल्याला. गाडीत बसताना टायवाल्याने त्याच्या हातातली प्रत अलगद काढून आपल्या फायलीत घातली. तो काचेतून बाईंकडे बघत होता. बाईंना हात हलवता आला नाही. तिसरी प्रत त्यांच्या पोटाशी, साडीच्या घडीत होती.

सोमवारी उपसचिवांनी बोलावून घेतलं. "असा नियम कुठे आहे, डॉक्टरबाई?" "कुठेही नाही," बाई म्हणाल्या. उपसचिव ओरडतील असं त्यांना वाटलं होतं, पण ते ओरडले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि टेबलावरचे सपाट हात आज टेबलाखाली होते. तेही घाबरलेले आहेत हे पाहून बाईंची भीती कमी होण्याऐवजी वाढली. अभ्यासक्रमातून त्यांचं नाव प्रकृतीच्या कारणास्तव निघालं. मग ते दिवस सुरू झाले ज्यांत काहीच घडत नव्हतं. जिन्यात अनोळखी पावलं वाजली की बाई हातातलं काम सोडून उभ्या राहायच्या. समोरच्या फुटपाथवर एक करडी गाडी दोन दिवस उभी होती. तिसऱ्या दिवशी कळलं, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या मेव्हण्याची आहे. नणंद म्हणाली, "वहिनी, अशी किती दिवस भिंतीला कान लावून बसणार?" आणि त्या दुपारी, भाजी निवडता निवडता, बाईंनी तिला सगळं सांगितलं, हे, आणि ते जुनंही. हिरवा पडदा, गाडी, सही, पूल. नणंदेने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "कुठल्या वर्षी हे?" बाईंनी वर्ष सांगितलं. ती बराच वेळ देठ मोडत राहिली. "त्या वर्षी दादाने पुलावरून येणं सोडलं होतं," ती म्हणाली. "नदीला वळसा घालून यायचा, कोस दीड कोस जास्त. त्यालाही कुणीतरी काही म्हणालं होतं. तुझी बायको डॉक्टर आहे ना, असं काहीसं. मला शपथ घातली होती, वहिनीला सांगू नकोस, घाबरेल ती." बाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. संध्याकाळी दमून यायचा तो, सायकल भिंतीला लावून तिथेच पायरीवर बसायचा, आणि त्या म्हणायच्या, चहा टाकू का. दोघं एकाच घरात, एकाच भीतीच्या दोन टोकांना धरून बसले होते, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलं असतं तर, तर कदाचित त्या गाडीचं दार उघडायला दोघं गेले असते. कदाचित गेलेही नसते. पण विचारलं तरी असतं.

तिसऱ्या महिन्यात भिंगवालीचा फोन आला. त्यांच्या देशाशेजारच्या दुसऱ्या देशातून, सरहद्दीजवळच्या एका शहरातून. तो आणि त्याची बायको तिथे येऊन पोचले होते, कसे ते तिने सांगितलं नाही. एकोणीस दिवस आत ठेवलं होतं त्याला, ती म्हणाली. त्यांच्या देशाने लिहून दिलंय की हातापायांना आहे ते सगळं जुनं, लहानपणचं, तुमच्याकडे शिकायला येण्याआधीपासूनचं. आश्रय द्यायचा की परत पाठवायचं ते मंगळवारी ठरणार. "तुमचा तो कागद आहे ना, मॅडम? पण नुसता कागद नाही चालणार. त्यावर ज्याची सही आहे त्याने येऊन पुन्हा तपासायला हवं, असं इथले वकील म्हणतात." बाईंनी विचारलं, "त्याला चालेल का, मी आलेली?" "त्यानेच तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली. उपसचिवांनी निरोप पाठवला की बाई गेल्या तर स्वतःच्या जबाबदारीवर, देशाचा त्याच्याशी काही संबंध नाही. नणंदेने त्यांची बॅग भरली. बाईंना आदल्या दिवसापासून अन्न जात नव्हतं. विमानात त्यांनी पट्टा इतका घट्ट आवळला होता की उतरताना तो सोडवेना, शेवटी शेजारच्या माणसाने मदत केली.

ती इमारत चौमजली होती, जिना अरुंद, भिंतींना नुकताच रंग दिलेला. तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. बाई दारासमोर उभ्या राहिल्या, धाप ओसरू दिली. बेल दाबायला बोट वर केलं आणि खाली घेतलं. परत फिरायला अजूनही वेळ होता. खाली टॅक्सी उभी होती. त्यांनी बेल दाबली. आतून एका बाईचा आवाज आला, "थांबा, मी उघडते," आणि लगेच त्याचा आवाज, तोच मऊ आणि अदबीचा, "नको. मी उघडतो." खुर्ची मागे सरकली. मग पावलं सुरू झाली. बाई बंद दाराकडे बघत ऐकत होत्या. टाच टेकली. थांबली. पाऊल उचललं गेलं आणि पुढे ठेवलं गेलं. पुन्हा टाच. दोन्ही पायांचं तसंच. खोली मोठी नसावी, पण पावलं संपत नव्हती, आणि बाईंनी दाराबाहेर उभ्या उभ्याच बॅगेतून पेन काढलं, कारण तपासणी सुरू झालेली होती.